क्लिपरने पीडीएफ सेव्ह केली की नोटमध्ये नुसती लिंकच का येते?

ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडली, क्लिपरचं (समोरचं पान नोट्सच्या ॲपमध्ये सेव्ह करणारं) बटण दाबलं, "सेव्ह झालं" असं हिरवं टिक पण आलं आणि चार महिन्यांनी नोट उघडून बघतो तर आत फक्त फाइलचं नाव आणि एक लिंक, तीही मेलेली. हे खूप जणांचं होतं आणि बहुतेकांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. तसं नाहीये, ही भानगड बरीच जुनी आहे.

मुळात पीडीएफ वेबसाठी बनलीच नव्हती. ॲडोबीचे सहसंस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॅमलॉट नावाचा प्रोजेक्ट मांडला, डोक्यात एवढंच होतं की डॉक्युमेंट कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा नाहीतर कुठल्याही प्रिंटरवर छापा, ते जसंच्या तसं दिसलं पाहिजे. त्यातून १९९३ मध्ये पीडीएफ आली. त्यामुळे फाइलच्या आत असतात त्या मुख्यतः "हे अक्षर पानावर इथे ठेव, ही रेघ तिथे ओढ" अशा सूचना, कुठला भाग हेडिंग आणि कुठला परिच्छेद ही माहिती असेलच असं नाही. वेबपेजचं नेमकं उलटं, तिथे रचना आधी आणि दिसणं नंतर.

सुरुवातीला ब्राउझरला पीडीएफ उघडताच यायची नाही, प्लगइन (ब्राउझरला वेगळा जोडायचा प्रोग्राम) लागायचं आणि ते लोड होईपर्यंत अख्खा ब्राउझर अडकून बसायचा. म्हणून लोक राइट क्लिक करून फाइल सरळ डाउनलोड करायचे. कटकट होती, पण फाइल आपल्याकडे असायची हे महत्त्वाचं.

पुढे नोट्सची ॲप्स आली. मायक्रोसॉफ्टचं वननोट २००३ मध्ये, एव्हरनोट सगळ्यांसाठी खुलं झालं २००८ मध्ये, आणि त्याच वर्षी पीडीएफ आयएसओचं (आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) स्टँडर्ड झाली. क्लिपर हा प्रकार या ॲप्समुळे घरोघरी पोचला, पण तो बनला वेबपेजसाठी. पानाचा एचटीएमएल (ज्या कोडमधून वेबपेज बनतं तो) वाचायचा, जाहिराती आणि मेन्यू बाजूला काढायचे, उरलेला मजकूर नोटमध्ये टाकायचा.

खरा घोळ झाला तो ब्राउझर स्वतःच पीडीएफ दाखवायला लागले तेव्हा. क्रोममध्ये २०१० च्या शेवटी ही सोय आली, फायरफॉक्सने २०१३ मध्ये व्हर्जन १९ पासून पीडीएफ.जेएस हा स्वतःचा पीडीएफ व्ह्यूअर चालू केला. वाचायला एकदम मस्त, पण त्यामुळे पीडीएफ बाकीच्या टॅबसारखाच एक टॅब झाली, डाउनलोड करायची सवय गेली, आणि क्लिपरला त्या टॅबमध्ये वाचण्यासारखं काही सापडेना. क्लिपर हे एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम), क्रोमचा पीडीएफ व्ह्यूअरही आतून एक एक्स्टेन्शनच आहे आणि सुरक्षेसाठी एका एक्स्टेन्शनला दुसऱ्याच्या आत हात घालता येत नाही. मग क्लिपरच्या हातात राहतो फक्त पत्ता. त्या पत्त्यावरून तो फाइल पुन्हा मागवू शकतो, पण ही मागणी ॲपच्या सर्व्हरवरून गेली तर तिथे तुमचं लॉगिन नसतं. माझ्या बाबतीत हेच झालं होतं, दीडशे पानांच्या रिपोर्टऐवजी नोटमध्ये त्या साइटचं "साइन इन करा" हे पान छान सेव्ह झालेलं, आणि मला हे कळलं ते रिपोर्ट नेमका लागला तेव्हा!

झोटेरोचं (लेख आणि संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) मात्र मनापासून कौतुक वाटतं. २००६ मध्ये जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीतून फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन म्हणून ते आलं, संशोधन करणाऱ्यांसाठी, आणि त्यांनी पीडीएफला नोंदीत हक्काची जागा दिली, लेखाचं नाव, लेखक, वर्ष आणि खाली जोडलेली फाइल. बाकीच्यांनी ती कायम पाहुण्यासारखी वागवली.

फोनवर अजून वेगळीच गंमत, शेअर दाबलं की कधी फाइल जाते, कधी नुसता पत्ता, ते ब्राउझर काय पाठवतो आणि नोट्सचं ॲप काय स्वीकारतं यावर ठरतं. आता काही क्लिपर टॅबमध्ये पीडीएफ आहे हे ओळखून फाइलच जोडतात, सगळे नाही. मी अजूनही आधी डाउनलोड करतो, मग ती फाइल नोटमध्ये ओढून टाकतो आणि टॅब बंद करायच्या आधी नोटमधूनच तिचं शेवटचं पान उघडून बघतो.