'हॅपी'मधला 'हॅप'

'हॅपी' हा शब्द जरा सोलून बघा. शेवटचा 'ई' काढला की हातात उरतो 'हॅप'. त्याचा अर्थ आनंद नाही, नशीब. हाच 'हॅप' 'हॅपन'मध्ये आहे, 'परहॅप्स'मध्ये आहे, आणि नशिबानं दगा दिला की 'मिसहॅप' होतो. 'हॅपलेस' माणूस दुःखी नसतो, करंटा असतो.

शब्द इंग्रजांचा घरचाही नाही. ९व्या शतकात व्हायकिंग इंग्लंडच्या उत्तर-पूर्वेला येऊन वसले आणि त्यांच्या नॉर्स भाषेतले 'स्काय', 'एग', 'नाइफ', 'विंडो' असे कितीतरी शब्द तिथे मुरले. त्यांतलाच हा. १४व्या शतकात 'हॅपी' रुळला तो नशीबवान या अर्थानं. खुशी त्याला नंतर चिकटली. 'हॅपी कोइन्सिडन्स' म्हणतात तेव्हा तो योगायोग काही हसत नसतो. जुना अर्थ तिथे अजून टिकून आहे.

मग त्याआधी इंग्रज सुखी नव्हते? होते की! त्यांचा शब्द होता 'गेसेलिग', म्हणजे धन्य. पुढे त्याची फारच दैना झाली. धन्य तो निष्पाप, निष्पाप तो बिचारा, बिचारा तो दुबळा असं घसरत १६व्या शतकापर्यंत तो चक्क 'सिली' झाला. आपला 'भोळा'ही 'बावळट'च्या शेजारीच राहतो म्हणा.

आनंदाला नशिबाशी बांधणारी इंग्रजी एकटी नाही. जर्मनमध्ये दोन्हींना 'ग्ल्युक' हा एकच शब्द. मानसशास्त्रज्ञ शिगेहिरो ओइशी आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये ३० देशांतल्या शब्दकोशांतल्या व्याख्या ताडून पाहिल्या, तर २४ देशांत आनंदाच्या अर्थात सुदैव होतंच. अमेरिकन इंग्रजीत मात्र तो अर्थ आता जुनाट ठरलाय. साहजिकच आहे, १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात अमेरिकनांनी आनंदामागे धावण्याचा हक्कच लिहून ठेवला, आणि नशिबामागे कोण धावणार?

आपलं 'सुख' वेगळ्याच वाटेनं आलं. ऋग्वेदात ते रथाचं विशेषण आहे. 'ख' म्हणजे भोक, चाकात आस बसतो ते. भोक नेटकं असलं की रथ धक्के न देता पळतो, अशी एक व्युत्पत्ती. काही अभ्यासक त्याऐवजी 'सुस्थ', म्हणजे नीट स्थिरावलेलं, या शब्दाकडे बोट दाखवतात. मला चाकाची गोष्ट पटते. खाचखळग्यांतून बैलगाडीत बसून कंबर धरलेल्या कुणालाही पटेल.