रिझर्व्ह बँकेचं ऑडिट वेगळं, तिला जाब विचारणं वेगळं

‘रिझर्व्ह बँकेचं ऑडिट होतं तरी का?’ असं कुणी तावातावाने विचारतं, तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो: या बँकेला जाब कोण विचारतं? दोन्ही गोष्टी एकच समजल्या जातात. हाउसिंग सोसायटीत राहणाऱ्याला मात्र फरक ठाऊक असतो. रंगकामाची व्हाउचरं बरोबर आहेत की नाहीत हे ऑडिटर सांगतो. इमारत यंदाच का रंगवली, हे कमिटीला वार्षिक सभेत विचारावं लागतं.

नोटाबंदीचं उदाहरण घ्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या जुन्या नोटा रद्द झाल्या. त्यातल्या परत किती आल्या, हा हिशेबाचा प्रश्न. शाखाशाखांतून आलेल्या नोटा यंत्रावर मोजायच्या, बनावट वेगळ्या काढायच्या आणि बेरीज ताळेबंदाशी जुळवायची. हे काम इतकं लांबलं की पक्का आकडा ऑगस्ट २०१८ च्या वार्षिक अहवालात आला: १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी रुपये परत आले. पण नोटा रद्द करायला हव्या होत्या का? बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळाने शिफारस करताना स्वतः विचार केला होता का? याचं उत्तर कुठल्याच ताळेबंदात सापडत नाही. जानेवारी २०१७ मध्ये गव्हर्नर ऊर्जित पटेल यांना संसदीय समितीपुढे जावं लागलं. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक मतांनी नोटाबंदी वैध ठरली. बँकेने स्वतंत्रपणे विचार केल्याचं दिसत नाही, असं वेगळं मत न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी नोंदवलं.

आता हिशेबाची बाजू. रिझर्व्ह बँकेचं ऑडिट दरवर्षी कॅग, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, करतं असं अनेकांना वाटतं, तसं नाही. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ५० नुसार किमान दोन ऑडिटर नेमायचे आणि त्यांचं मानधन ठरवायचं काम केंद्र सरकारचं. कलम ५१ नुसार सरकार कॅगला हिशेब तपासायला नेमू शकतं, पण ते सरकारच्या इच्छेवर.

हे ऑडिट साधं नसतं. तुमच्या खिशातली शंभराची नोट तुमच्यासाठी पैसा, बँकेच्या वहीत मात्र ते देणं. म्हणूनच तिच्यावर गव्हर्नरच्या सहीचं वचन असतं. सोन्याचा भाव चढला म्हणून कागदावर दिसणारी वाढ नफ्यात धरत नाहीत, ती पुनर्मूल्यांकनाच्या खात्यात वेगळी ठेवतात. ऑडिटर हे सगळं नियमाप्रमाणे झालंय का ते पाहतो. नियम काय असावा, हे तो सांगत नाही. बँकेने हाताशी किती राखीव पैसा ठेवावा हे पाहणाऱ्या बिमल जालान समितीने जोखमीसाठी ताळेबंदाच्या ५.५ ते ६.५ टक्के रक्कम राखावी असं सुचवलं. मंडळाने खालची मर्यादा निवडली आणि २०१८-१९ साठी सरकारला १,७६,०५१ कोटी रुपये गेले. त्यातले ५२,६३७ कोटी जोखमीसाठी आधी राखलेल्या, पण आता जादा ठरलेल्या रकमेतून आले होते. बेरीज ऑडिटरच्या कक्षेत, टक्केवारीची निवड मात्र धोरणाचा भाग.

देखरेखीची हत्यारं निराळी. गव्हर्नरची नेमणूक केंद्र सरकार करतं. कलम ७ खाली, गव्हर्नरशी सल्लामसलत करून, सरकार बँकेला निर्देश देऊ शकतं. २०१६ पासून, व्याजदर ठरवणाऱ्या बँकेच्या पतधोरण समितीपुढे महागाई चार टक्क्यांवर ठेवण्याचं उद्दिष्ट आहे, दोन टक्के वर किंवा खाली चालतं. सलग तीन तिमाह्या ही मर्यादा सुटली, तर बँकेला कारणं, उपाय आणि लागणारा वेळ सरकारला लेखी कळवावा लागतो. २०२२ मध्ये पहिल्यांदा ही वेळ आली. ३ नोव्हेंबरला समितीची खास बैठक झाली, पत्र गेलं, पण ते लोकांसमोर ठेवलं गेलं नाही.

मला हे खटकतं, आणि मनापासून खटकतं. ऑडिट झालेला वार्षिक हिशेब कलम ५३ प्रमाणे सरकारला राजपत्रात छापावाच लागतो. म्हणजे बेरीज जुळल्याचा कागद कुणालाही वाचता येतो, आणि महागाई का आवरली नाही हे सांगणारा कागद दोन कार्यालयांत राहतो. तेल-डाळीचे वाढीव भाव तर लोकांनीच दिले होते. ब्रिटनमध्ये महागाई उद्दिष्टापासून एका टक्क्याहून जास्त सरकली की बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर अर्थमंत्र्यांना पत्र लिहितो, आणि ते पत्र प्रसिद्ध होतं. आपल्याकडेही कॅगचे अहवाल घटनेच्या कलम १५१ नुसार संसदेच्या पटलावर येतातच. या पत्रासाठीही कायद्यात तेवढीच एक ओळ घालायला हवी: पत्र संसदेच्या पटलावर ठेवावं.