स्केचअपमधे घर काढताना ग्रुप करायचा की कंपोनंट?

स्केचअप या थ्रीडी मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधे घराचं मॉडेल करायला घेतलं की राइट क्लिकच्या मेन्यूत मेक कंपोनंट आणि मेक ग्रुप हे दोन पर्याय एकाखाली एक दिसतात. दोन्हीपैकी काहीही केलं तरी समोर दिसतं ते सारखंच, निवडलेल्या रेषा आणि फेस (म्हणजे रेषांनी बंद झालेले सपाट पृष्ठभाग) एकत्र येतात, भोवती निळी चौकट येते, डबल क्लिक केलं की आत शिरता येतं, त्यामुळे बरेच जण जे आधी हाताला लागेल ते वापरत राहतात. एकच खिडकी असेपर्यंत ते चालूनही जातं. खिडक्या वीस झाल्या आणि ज्यांचं घर आहे ते म्हणाले की सगळ्या जरा रुंद करूया, तेव्हा मात्र खरा फरक पडतो.

आधी दोघांत सारखं काय ते बघू. स्केचअपमधे सुट्ट्या रेषा आणि फेस एकमेकांना चिकटतात, म्हणजे जमिनीवर नुसती भिंत उचलली आणि नंतर ती सरकवायला गेलात की जमिनीचा फेसही तिच्यासोबत ताणला जातो आणि सगळा आकार वाकडा होतो. ग्रुप असो वा कंपोनंट, दोन्ही हे चिकटणं थांबवतात. म्हणून भिंत, स्लॅब, जिना, छप्पर, काहीही पूर्ण झालं की त्यावर ट्रिपल क्लिक करा, म्हणजे जोडलेलं सगळं सिलेक्ट होतं, आणि लगेच बांधून टाका, पुढचं काम त्यानंतर. टॅगचंही दोघांत सारखंच आहे (टॅग म्हणजे वस्तू एकत्र दाखवायला-लपवायला दिलेलं लेबल, 2020 च्या आवृत्तीपासून लेयरचं नाव टॅग झालं), टॅग द्यायचा तो बाहेरच्या ग्रुपला किंवा कंपोनंटला, आतल्या सुट्ट्या रेषा-फेस कायम अनटॅग्डवरच ठेवायचे, नाहीतर टॅग बंद केल्यावर अर्धं दिसतं अर्धं गायब होतं आणि कारण शोधत बसावं लागतं.

आता फरक. ग्रुपची कॉपी केली की ती दिसायला तशीच असते पण तुम्ही तिच्या आत जाऊन काही बदललं की ती एकटीच बदलते, बाकीच्या आहेत तशा राहतात. कंपोनंटच्या सगळ्या कॉप्या एकाच डेफिनेशनवर (म्हणजे एकाच मूळ नमुन्यावर) चालतात, एकीच्या आत काही बदललं की मॉडेलमधल्या सगळ्या त्याच क्षणी बदलतात. त्यामुळे मी स्वतःला दर वेळी एकच प्रश्न विचारते: यातलं एक बदललं तर बाकीचे बदलायला हवेत का? हो असेल तर कंपोनंट, नाही असेल तर ग्रुप. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर वापरत असाल तर शिफ्ट-डी आणि ऑल्ट-डी यांच्या कॉपीत साधारण हाच फरक आहे.

खिडकीचंच घ्या. 1200 मिमी रुंदीची खिडकी आहे, फ्रेम 50 मिमीची, आणि ती 1500 करायची आहे. बाहेरून स्केल टूल लावून ओढलीत तर रुंदी 1500 होते खरी, पण फ्रेमच्या उभ्या पट्ट्याही त्याच प्रमाणात फुगतात, 50 च्या 62.5 होतात, शिवाय हा बदल फक्त त्या एका खिडकीपुरता राहतो, कंपोनंट असली तरी. त्यापेक्षा डबल क्लिक करून आत जा, डावीकडून उजवीकडे सिलेक्शनची चौकट ओढून फक्त उजवी उभी पट्टी पूर्ण पकडा (डावीकडून ओढलं की चौकटीत पूर्ण आलेलंच निवडलं जातं, उजवीकडून ओढलं की नुसतं स्पर्श झालेलंही येतं), आणि मूव्ह टूलने ती 300 मिमी बाजूला सरकवा. आडव्या पट्ट्या आणि काच आपोआप लांबतात, फ्रेम 50 ची 50 राहते आणि सगळ्या खिडक्या एका झटक्यात 1500 होतात. खिडक्यांचा मध्य हलायला नको असेल तर दोन्ही पट्ट्या 150-150 बाहेर सरकवायच्या. हेच ग्रुप असते तर वीस वेळा करावं लागलं असतं.

मग त्यातल्या दोनच खिडक्या वेगळ्या करायच्या असतील तर? त्या दोन्ही एकत्र सिलेक्ट करा आणि राइट क्लिक करून मेक युनिक. दोघींची मिळून एक नवीन डेफिनेशन होते, म्हणजे त्या बाकीच्यांपासून सुटतात पण आपसात जोडलेल्याच राहतात. एकेक करून मेक युनिक केलंत तर मात्र दोन वेगवेगळ्या डेफिनेशन होतील, हे लक्षात ठेवा. किती जणी जोडलेल्या आहेत ते एन्टिटी इन्फोमधे (निवडलेल्या वस्तूची माहिती दाखवणाऱ्या पॅनलमधे) आकड्यासकट दिसतं, आत हात घालण्याआधी तिथे एकदा नजर टाकायची सवय लावा, कारण तुम्ही समोरची खिडकी बघत असता आणि बदल मागच्या बाजूच्या खिडक्यांमधेही होत असतो.

खरी गडबड होते ती कंपोनंटच्या आत कंपोनंट असतो तेव्हा. समजा अनेक मजली बिल्डिंग आहे, सगळे मजले सारखे, म्हणून अख्खा मजला कंपोनंट केला, आणि त्यात खिडक्यांचे कंपोनंट. अगदी बरोबर केलंत. आता फक्त पाचव्या मजल्यावरची एक खिडकी मोठी करायची आहे, तर नुसता पाचवा मजला मेक युनिक करून भागत नाही, मजला सुटा झाला तरी त्याच्या आतल्या खिडक्या अजूनही जुन्याच डेफिनेशनला बांधलेल्या असतात. म्हणून आधी मजला युनिक, मग आत जाऊन ती खिडकी युनिक, मग बदल, याच क्रमाने. क्रम उलटा केलात तर ती खिडकी सगळ्या मजल्यांवर बदलते.

कंपोनंटला आणखी एक गोष्ट जमते जी ग्रुपसाठी मेन्यूत मिळत नाही. बनवताना ग्लू टू आणि कट ओपनिंग सेट केलं की खिडकी भिंतीच्या फेसला चिकटते आणि तिथे स्वतःच भोक पाडते, सरकवली की भोकही सोबत सरकतं. फार सोयीचं आहे, पण ते भोक एकाच फेसला पडतं. भिंतीला जाडी दिलेली असेल, म्हणजे आत-बाहेर दोन फेस असतील, तर बाहेरून खिडकी दिसेल आणि आतून भिंत बंदच दिसेल, तिथे ओपनिंग हातानेच पुश-पुलने (फेस आत-बाहेर ढकलायच्या टूलने) आरपार काढायचं. आणि भिंत ग्रुपमधे असेल तर त्या ग्रुपच्या आत जाऊन खिडकी ठेवायची, बाहेरून ठेवली तर भोक पडत नाही.

रंगाचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. कंपोनंटच्या आत जाऊन फेसला मटेरियल दिलं की ते सगळ्या कॉप्यांना लागतं. पण आतले फेस डिफॉल्ट मटेरियलवरच ठेवले आणि बाहेरून अख्ख्या कंपोनंटवर रंग टाकला, तर तो फक्त त्या एका कॉपीला लागतो आणि तोही आतल्या डिफॉल्ट राहिलेल्या फेसनाच. म्हणजे खुर्चीचे पाय आतून लाकडाचे करून ठेवा, गादी डिफॉल्ट सोडा, मग प्रत्येक खुर्चीच्या गादीचा रंग वेगळा देता येतो आणि खुर्ची मात्र एकच कंपोनंट राहते, युनिक करायची गरजच पडत नाही.

सगळंच कंपोनंट करा असं सांगणारेही भेटतील, मला ते पटत नाही. प्लॉटची जमीन, एका मजल्याच्या भिंती, वरचं छप्पर, जिथे दुसरी कॉपी होणारच नाही तिथे ग्रुपच बरा, नाहीतर कंपोनंटची यादी कंपोनंट 47, कंपोनंट 48 अशा नावांनी भरते आणि हवं ते सापडत नाही. कंपोनंट केलाच तर त्याच वेळी नीट नाव द्या, खिडकी 1500 सरकती असं काहीतरी.

आणि कॉप्या मारून झाल्यावर लक्षात आलं की ग्रुप होते, कंपोनंट हवे होते, तर एका ग्रुपवर राइट क्लिक करून मेक कंपोनंट केल्याने तेवढा एकच बदलतो. उरलेले सगळे ग्रुप सिलेक्ट करा, कंपोनंटच्या पॅनलमधे त्या नवीन कंपोनंटवर राइट क्लिक करा आणि रिप्लेस सिलेक्टेड द्या, त्या जागी कंपोनंट येऊन बसतात. एखादा सरकलेला किंवा उलटा आला तर त्याचं कारण बहुतेक वेळा अक्षांत (वस्तूचा आरंभबिंदू आणि दिशा ठरवणाऱ्या रेषांत) असतं, ग्रुपचे अक्ष आणि कंपोनंटचे अक्ष वेगळ्या कोपऱ्यात असतात. बदलल्यावर एकदा वरून आणि एकदा समोरून बघून घ्या आणि मगच पुढचं काम चालू करा.