पंचेचाळीस फेऱ्यांची संथ तबकडी

कॉक्टो ट्विन्स या स्कॉटिश बँडचा ‘व्हिक्टोरियालँड’ हा अल्बम एप्रिल १९८६ मध्ये लंडनच्या फोर-एडी या लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीनं, प्रसिद्ध केला. बारा इंची तबकडी, नऊ गाणी, सगळं मिळून साधारण ३२ मिनिटं. ड्रम जवळजवळ नाहीतच. गिटारीचे एकावर एक थर आणि त्यांच्यातून वर येणारा एलिझाबेथ फ्रेझरचा आवाज, एवढाच संसार. ड्रीम पॉप म्हणून आज जे संगीत ओळखलं जातं, त्यातलं हे बहुधा सगळ्यात हलकं, सगळ्यात संथ काम. आणि ही तबकडी वाजवायची मिनिटाला ४५ फेऱ्यांनी. एलपीचा, म्हणजे लांब वाजणाऱ्या मोठ्या तबकडीचा, नेहमीचा वेग असतो ३३⅓. असं संथ संगीत जास्त वेगानं फिरवण्यामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा भाग न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांमध्ये घडलेला आहे.

आधी वेगांविषयी. आपल्याकडे जुन्या घरांत रेकॉर्ड प्लेअर पाहिलेल्यांना वेग बदलायचा तो खटका आठवत असेल. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. नाट्यपदं आणि ख्याल त्यासाठी छाटून गावे लागत, आणि त्या पिढीच्या गायकांनी तेवढ्या वेळातही अख्खा राग उभा केला, हे आपण सगळे जाणतो. जून १९४८ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीनं ३३⅓ फेऱ्यांची, बारीक खाचांची एलपी आणली आणि एका बाजूवर वीसेक मिनिटं बसू लागली. पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी आरसीए व्हिक्टरनं ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी काढली. काही काळ दोघांत चुरस चालली, मग बाजारानं आपणच वाटणी केली. लांब संगीत ३३ वर, एकेकटं गाणं ४५ वर. मोठी तबकडी आणि मोठा वेग ही जोडी पुढची पंचवीसेक वर्षं कुणाला फारशी सुचली नाही.

ती जुळली अपघातानं. टॉम मोल्टन हे न्यूयॉर्कचे डिस्को मिक्सर, म्हणजे नाचासाठी गाण्यांची नवी जुळणी करणारे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर ते एका गाण्याची चाचणी-तबकडी कापून घ्यायला गेले, तेव्हा कापणाऱ्या होसे रॉड्रिगेझकडच्या सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या. त्यानं दहा इंची वापरली आणि मोकळी जागा दिसते म्हणून खाचा ऐसपैस कापल्या. आवाज असा भरदार आला की मोल्टन चकित झाले. त्यातूनच बारा इंची सिंगल, म्हणजे एकेकट्या गाण्याची मोठी तबकडी, आली. १९७६ मध्ये सालसोल लेबलनं डबल एक्सपोजर या गटाचं ‘टेन पर्सेंट’ हे गाणं याच आकारात दुकानांत आणलं. डीजेंना हवा होता दणदणीत बेस, आणि बेसला लागते जागा.

हे कसं, ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. आवाजाच्या लहरीप्रमाणे खाच डावी-उजवीकडे हेलकावे घेते. बेसचा हेलकावा रुंद असतो, म्हणून शेजारच्या दोन खाचा एकमेकींपासून लांब ठेवाव्या लागतात आणि तबकडीवरची मिनिटं कमी होतात. वरच्या पट्टीतल्या आवाजाचं गणित निराळं आहे. त्याचे हेलकावे बारीक आणि दाट असतात. सुईखालून खाच जितकी भरभर सरकेल तितके ते लांबवर पसरतात आणि सुईला नीट वाचता येतात. ३३⅓ वर बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते. आत, मधल्या गोल कागदी लेबलाजवळ, हाच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. म्हणूनच बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे येतात, झांजा खरखरतात. ४५ वर हेच आकडे अंदाजे ६९ आणि २८ होतात. म्हणजे सगळीकडे ३५ टक्के जादा जागा.

आता ‘व्हिक्टोरियालँड’कडे परत पाहा. बँडचे गिटारवादक रॉबिन गथ्री यांच्या गिटारीत सगळा खेळ वरच्या पट्टीतल्या चमकेचा आणि स्वर छेडल्यानंतर मागे रेंगाळणाऱ्या प्रतिध्वनीचा आहे. फ्रेझरच्या आवाजातले श्वास, ओठांचे स्पर्श, एकावर एक चढवलेले तिचेच स्वर, हे सगळंही तिथलंच. ढोलताशे नाहीत म्हणून खाचांना फार रुंद वळावं लागत नाही, आणि एका बाजूला सोळाच मिनिटं असल्यामुळे ४५ चा वेग परवडतो. नाचणाऱ्यांच्या बेससाठी सापडलेली मोकळीक इथे एका कुजबुजीच्या कामी आली. माझ्या मते हा अल्बम तबकडीवर ऐकण्याचं खरं कारण हे आहे. तबकडीच्या ‘उबे’बद्दल जे नेहमी बोललं जातं, त्याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही.

बँड मूळचा ग्रेंजमथचा, फोर्थ नदीच्या मुखाजवळच्या तेलशुद्धीकरणाच्या गावातला. गथ्री आणि विल हेगी यांनी १९७९ च्या सुमारास सुरुवात केली आणि लवकरच फ्रेझर त्यांना येऊन मिळाली. फोर-एडी हे लेबलही त्याच काळातलं. बेगर्स बँक्वे या दुकान-कम-लेबलमधले आयव्हो वॉट्स-रसेल आणि पीटर केंट यांनी ते १९८० मध्ये सुरू केलं. ‘गार्लंड्स’ (१९८२) हा पहिला अल्बम काळोखा, पोस्ट-पंकच्या, म्हणजे पंक रॉकनंतर आलेल्या संगीताच्या, सावलीतला होता. १९८३ मध्ये हेगी गेले, सायमन रेमंड आले आणि १९८४ च्या ‘ट्रेझर’पर्यंत आवाज पार उजळला.

अल्बमइतकंच महत्त्व त्यांच्या बारा इंची ईपींना होतं. चार-चार गाण्यांच्या या तबकड्या इंग्लंडच्या छोट्या लेबलांचा कणाच होत्या. अल्बमच्या खर्चाची वाट न पाहता नवं काम काढता येई, आणि डिस्कोनं रुळवलेला मोठा आकार आयता हाती होता. नोव्हेंबर १९८५ मध्ये तर ‘टायनी डायनामाइन’ आणि ‘एकोज इन अ शॅलो बे’ असे दोन ईपी लागोपाठ आले. माझ्या कानाला ‘व्हिक्टोरियालँड’ची वाट याच दोघांतून फुटलेली जाणवते. शिवाय बारा इंची कव्हर म्हणजे व्हॉन ऑलिव्हर आणि नायजेल ग्रियरसन यांना मिळालेला मोठा पडदा. ‘ट्वेंटी-थ्री एन्व्हलप’ या नावानं दोघांनी लेबलला जो चेहरा दिला, त्यात कलाकारांचे फोटो क्वचितच असत. असायचे पोत, धुके, कापड, पाणी. तबकडी ऐकताना हातात धरायला काहीतरी हवं असतं, हे त्यांना पुरतं उमगलं होतं.

‘व्हिक्टोरियालँड’च्या वेळी रेमंड लेबलच्याच ‘धिस मॉर्टल कॉइल’ या प्रकल्पाच्या दुसऱ्या अल्बमवर काम करत होते. उरले गथ्री आणि फ्रेझर. मदतीला आले डिफ जुझ या बँडचे रिचर्ड थॉमस. त्यांनी सॅक्सोफोन वाजवला आणि तबलाही. मराठी कानाला तो तबला लगेच ओळखू येतो, पण तो ठेक्यासाठी आलेला नाही. गिटारीच्या धुक्यात तो फक्त एक रंग म्हणून मिसळतो. अल्बमचं नाव अंटार्क्टिकातल्या भूभागाचं, बऱ्याच गाण्यांची नावंही ध्रुवप्रदेशातली. ‘ऊमिंगमाक’ म्हणजे इन्यूट लोकांच्या भाषेत कस्तुरी बैल. फ्रेझरचे शब्द मात्र कळत नाहीत आणि कळावेत अशी अपेक्षाही नाही. तराण्यात ‘दिर दिर तानोम’ ऐकताना आपण जसा अर्थ विचारत नाही, तसंच हे ऐकावं.

या सगळ्याला ‘ड्रीम पॉप’ हे नाव तेव्हा नव्हतं. ते आलं ए. आर. केन या जोडीकडून. अॅलेक्स अयुली आणि रूडी तांबाला हे पूर्व लंडनचे आफ्रिकी वंशाचे दोन तरुण. आपल्या संगीताचं वर्णन करताना अयुलींनी हा शब्द वापरला, समीक्षकांनी उचलला आणि तो पसरला. त्यांचा १९८७ चा ‘लोलिटा’ ईपी फोर-एडीवरच निघाला आणि त्याचे निर्माते होते रॉबिन गथ्री. त्याच वर्षी अयुली आणि तांबाला यांचा सहभाग असलेलं एम/ए/आर/आर/एसचं ‘पंप अप द व्हॉल्यूम’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, म्हणजे नाचाचा मजला आणि स्वप्नाळू गिटार पुन्हा एका छपराखाली आले. शैलीच्या इतिहासात ए. आर. केनचं नाव अजूनही मागे पडतं, ही मला खटकणारी गोष्ट आहे.

अमेरिकेतली शाखा थोडी वेगळ्या वाटेनं वाढली, पण तिचं मूळही इथेच सापडतं. १९८३ मध्ये धिस मॉर्टल कॉइलच्या नावानं फ्रेझर आणि गथ्री यांनी अमेरिकी गायक टिम बकलींचं ‘साँग टू द सायरन’ हे गाणं केलं. ते डेव्हिड लिंच यांना ‘ब्लू व्हेल्व्हेट’ या चित्रपटात हवं होतं. हक्क परवडले नाहीत, म्हणून लिंच आणि संगीतकार अँजेलो बॅडलामेंटी यांनी स्वतःच गाणं लिहिलं आणि ज्युली क्रूझकडून गाऊन घेतलं. तिचा ‘फ्लोटिंग इनटू द नाइट’ हा अल्बम १९८९ चा.

सप्टेंबर १९९० च्या ‘हेवन ऑर लास व्हेगस’नं कॉक्टो ट्विन्सना ब्रिटिश यादीत सातव्या क्रमांकावर नेलं. त्याच सुमारास फोर-एडीशी त्यांचं नातं तुटलं, आणि १९९७ मध्ये बँडही संपला. तोवर सीडी आली होती. सीडीमुळे खाचांची आणि मिनिटांची अडचण संपली, आणि त्या अडचणीतून घडणारा आकारही गेला. १९९० च्या दशकातले याच वळणाचे कित्येक अल्बम तबकडीवर थोडेच छापले गेले, आणि आज त्या मूळ प्रतींच्या किमती सामान्य श्रोत्याच्या हाताबाहेर आहेत.

मग वारं फिरलं. २००८ मध्ये रेकॉर्ड स्टोअर डे हा रेकॉर्ड दुकानांचा वार्षिक दिवस सुरू झाला. २०२२ मध्ये अमेरिकेत तबकड्यांची संख्येनं विक्री सीडींच्या पुढे गेली, १९८७ नंतर पहिल्यांदाच: सुमारे ४.१ कोटी विरुद्ध ३.३ कोटी. फोर-एडीनं २०१४ पासून कॉक्टो ट्विन्सचे अल्बम पुन्हा तबकडीवर आणले. याच वळणाचा इंग्लिश बँड स्लोडाइव्ह, त्याचे सदस्य २०१४ मध्ये पुन्हा एकत्र आले आणि २०१७ व २०२३ मध्ये त्यांचे नवे अल्बम आले.

नव्या पिढीत, तबकडीच्या मर्यादेत संगीत कसं बसवायचं या प्रश्नाशी सगळ्यात विचारपूर्वक भिडलेला बँड म्हणजे बाल्टिमोरचा बीच हाऊस. २०२२ चा त्यांचा ‘वन्स ट्वाइस मेलडी’ १८ गाण्यांचा, ८४ मिनिटांचा आहे. ऑनलाइन तो नोव्हेंबर २०२१ पासून चार प्रकरणांत, थोडाथोडा करून आला. एका प्रकरणाची सरासरी २१ मिनिटं होते, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची बरोबर एक बाजू.