अमेरिका की जर्मनी: चांगल्या वर्षाचा हिशोब सोडा, वाईट वर्षाचा करा

दोन ऑफर लेटरं समोर ठेवून लोक विचारतात, अमेरिकेत १,३०,००० डॉलर, जर्मनीत ७५,००० युरो, मग जर्मनीला कोण जाईल? लगेच कुणीतरी दोन्ही आकड्यांना रुपयाच्या भावाने गुणतो आणि विषय संपला. हा गुणाकार बघून आता खरंच वैताग येतो. तुम्ही भाडं, भाजी, डे-केअर तिथल्या चलनात भरणार, नारायण पेठेत नाही. रुपयाचा भाव फक्त घरी पाठवायच्या पैशांना लागू होतो, बाकी संसाराला नाही.

दुसरा वैताग म्हणजे त्या शहरांना मार्क देणाऱ्या साईट्स. अमुक शहर १७३, तमुक १६८. पाच मार्कांच्या फरकावर लोक बायकापोरांसकट देश निवडतात.

अमेरिकेबद्दल फार सांगत नाही, ती सगळ्यांना पाठ आहे. प्रत्येकाचा एक चुलतभाऊ न्यू जर्सीत किंवा टेक्सासात आहेच. मोठं घर, दोन गाड्या, टेक्सासात वर स्टेट इन्कम टॅक्स पण नाही, गणपतीला मंडळात दोनशे माणसं. सगळं खरं आहे.

जर्मनीत मात्र एकट्या माणसाच्या ७५,००० मधले ४० टक्क्यांच्या आसपास कापूनच हातात येतात, आणि इथेच लोक अडकतात. ते म्हणतात ४० टक्के टॅक्स. अहो, तो सगळा टॅक्स नाहीये! त्यातला जवळजवळ अर्धा विम्याचा हप्ता असतो. सरकारी हेल्थ इन्शुरन्स १४.६ टक्के आणि त्यावर थोडा जादा हप्ता, पेन्शन १८.६, बेकारीचा विमा २.६, आणि म्हातारपणी सेवा लागली तर त्याचा वेगळा. यातलं साधारण अर्धं कंपनी भरते, अर्धं तुम्ही. म्हणजे "जर्मनीत दवाखाना फुकट" म्हणणारेही चूक आणि "सरकार लुटतं" म्हणणारेही चूक. पैसे आधीच भरलेले असतात, एवढंच.

आता हे पैसे परत कधी दिसतात? चांगल्या वर्षात अजिबात नाही. तुम्ही तिशीतले, तब्येत ठणठणीत, नोकरी टिकलेली, तर अमेरिकेतला माणूस तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त शिल्लक टाकतो, कंपनीचे शेअर मिळतात ते वेगळेच. तुलना इथेच थांबवली तर अमेरिका जिंकते, आणि थोडीथोडकी नाही. पण लोक तुलना इथेच थांबवतात ना, तोच तर घोळ आहे.

वाईट वर्ष घ्या. समजा मोठं आजारपण आलं. जर्मनीत पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, मग इन्शुरन्सवाले ग्रॉसच्या (कापण्याआधीच्या पगाराच्या) ७० टक्क्यांपर्यंत देतात, एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत. अमेरिकेत केंद्राचा कायदा, १९९३ चा, काय देतो? १२ आठवड्यांची रजा, ती पण बिनपगारी, ती पण पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत वर्ष भरलं असेल तर. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत बरं आहे, चांगल्या कंपन्या स्वतःहून जास्त देतात, पण म्हणजे ते तुमच्या मॅनेजरवर आणि पिनकोडवर अवलंबून. बिलाचं तर विचारूच नका, आधी डिडक्टिबल (विमा सुरू व्हायच्या आधी खिशातून भरायची रक्कम), मग को-पे (प्रत्येक वेळचा आपला वाटा), मग डॉक्टर विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये आहे का नाही.

किंवा नोकरी गेली. एच-वन-बी वर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर, असाल तर हातात ६० दिवस. त्यात नवीन नोकरी शोधा, नाहीतर व्हिसाचा प्रकार बदला किंवा घर-गाडी विकून, मुलांना शाळेतून काढून निघा. विमाही नोकरीबरोबर जातो, चालू ठेवायचा तर कंपनीचा वाटाही आपणच भरायचा. आणि भारतीयांसाठी ग्रीन कार्डची (कायम राहायच्या परवान्याची) रांग दहा वर्षांहून लांब आहे, कारण दरवर्षीच्या ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे ही टांगती तलवार मुलगा पहिलीत असल्यापासून दहावीपर्यंत डोक्यावर. जर्मनीत दोन वर्षं हप्ते भरले असतील तर नेट (हातात येणाऱ्या) पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के, सहसा वर्षभर मिळतात आणि त्या काळात हेल्थ इन्शुरन्सही चालू राहतो. ब्लू कार्डवर (शिकलेल्यांसाठीचा तिथला नोकरीचा परवाना) असताना तिथेही नोकरी गेल्यावर मुदतीचं टेन्शन आहेच, पण कायमचा परवाना २७ महिन्यांत मिळू शकतो, आणि तो मिळाला की नोकरी गेली म्हणून देश सोडावा लागत नाही.

जोडीदाराचं तर ऑफर लेटरमध्ये कधीच लिहिलेलं नसतं. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, आणि नोकरी नसेल तर तिचा आणि मुलांचा सरकारी विमा त्याच हप्त्यात, जादा पैसे नाहीत. अमेरिकेत एच-फोर वर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, बसलेल्या इंजिनियर, डॉक्टर, सीए मुली मी किती बघितल्यात! २०१५ पासून त्यांना वर्क परमिट मिळतं, पण नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्यापर्यंत पोचल्यावरच, तोवर घर, मुलं आणि यूट्यूबवर रेसिपी. एका पगाराचे १,३०,००० आणि दोन पगारांची शक्यता, हे शेजारी ठेवून बघा की.

बाकीचे फरक किरकोळ. रविवारी जर्मनीत दुकानं बंद, भाड्याचं घर बरेचदा किचन ओट्याशिवाय मिळतं, २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या साधारण ३८ टक्के गाड्या उशिरा धावल्या, स्पेशालिस्ट डॉक्टरची वेळ मिळायला आठवडेच्या आठवडे. सवय होते. आई-बाबांचं मात्र किरकोळ नाही: अमेरिकेत व्हिजिटर व्हिसावर सहसा सहा महिने राहता येतं, शेंगेनवर (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) १८० दिवसांत फक्त ९०. बाळंतपणाला आई हवी असेल तर हे आधीच बघा.

माझं मत विचाराल तर एकटे असाल, पाच-सात वर्षं कमवून परत यायचं पक्कं असेल तर बिनधास्त अमेरिका. लग्न झालंय, दोघांना काम करायचंय, मूल होणार आहे, तर जर्मनी, आणि यात मला फारशी शंका वाटत नाही. फक्त जर्मन येत नसताना जाऊ नका. ऑफिस इंग्रजीत चालतं म्हणून लोक निर्धास्त जातात आणि मग परवान्याच्या ऑफिसात, बालवाडीत, डॉक्टरकडे हातवारे करत बसतात. पुण्यात असाल तर जर्मनीला जाण्याआधीच मॅक्सम्युलर भवनात (जर्मन शिकवणारी संस्था) बी-वन, म्हणजे जर्मनची मधली पातळी, करून टाका. ते असेल तर ते २७ महिने २१ वर येतात, आणि नोकरी-मुलं सांभाळून तिथे रात्री क्लासला जाण्यापेक्षा इथे करणं कितीतरी स्वस्त पडतं.