गुटखा सुटला, सुपारी राहिली : इंदूरमधल्या एका सवयीची पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी घरांतून पानाचा डबा कधीच गेला. होळकरांच्या काळापासून चालत आलेल्या वाड्यांत जेवणानंतर अडकित्ता फिरायचा, आजोबांच्या कमरेला चंची असायची. त्या विड्याला वेळ लागे. पान पुसायचं, चुना लावायचा, सुपारी कातरायची. १९७०च्या दशकात तयार पान मसाला डब्यातून आला, पुढच्या दशकात तो पाउचात शिरला आणि तो वेळच उरला नाही. जेवणानंतरची गोष्ट दुकानाच्या गल्ल्यावर, गाडी चालवताना, परीक्षेच्या आदल्या रात्री चालू झाली. हात रिकामा झाला की खिशाकडे जाऊ लागला.

मध्य प्रदेशात गुटख्यावर बंदी आली १ एप्रिल २०१२ रोजी, २०११च्या केंद्रीय नियमांखाली देशात सर्वांत आधी. या निर्णयाचा अभिमान वाटावा, असाच तो होता. पण त्यातला एक गुंता आजतागायत सुटलेला नाही, आणि तो सगळा एका शब्दाचा आहे: खाद्यपदार्थ.

महाराष्ट्राने २००२ मध्येच गुटखाबंदी केली होती. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. राज्याच्या अधिकाऱ्यांना असा अधिकार नाही, असं त्यात ठरलं. पण त्याच निकालात गुटखा हा खाद्यपदार्थ आहे, हेही ठरलं. हरलेल्या बाजूला मिळालेलं हे एक वाक्य पुढे फार कामाला आलं. २०११च्या केंद्रीय नियमांत कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालता येणार नाही, असं कलम आलं. गुटखा खाद्य, त्यात तंबाखू, म्हणून गुटखा बंद. मध्य प्रदेशाची बंदी याच कलमावर उभी राहिली.

आता उलट बाजू. तंबाखू नसलेला पान मसाला खाद्यच आहे, म्हणून इथे तो चालतो. नुसती चघळायची तंबाखू २००३च्या वेगळ्या कायद्यात येते, म्हणून तीही मिळते. टपरीवर पान मसाल्याची एक मोठी पुडी आणि तिच्यासोबत तंबाखूची एक छोटी पुडी मिळते. गिऱ्हाईक मोठीचं तोंड दातांनी फाडतो, छोटी तिच्यात रिकामी करतो, वरचं टोक चिमटीत धरून चार-पाच वेळा हलवतो आणि मान मागे टाकून तोंडात ओततो. बंदी असलेली वस्तू तयार झाली, फक्त कारखान्यात नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पळवाटेची नोंद घेऊन बंदी काटेकोर पाळायला राज्यांना सांगितलं. महाराष्ट्राने २०१२ मध्येच पान मसालाही बंदीत घेतला होता. त्यामुळे सेंधव्याहून घाट उतरून शिरपूरकडे निघालं की खिशातली तीच पुडी बेकायदा होते.

हा शब्दांचा खेळ घरात कसा उतरतो, ते मी माझ्या मेहुण्यांच्या बाबतीत पाहिलं. बंदीनंतर त्यांनी तंबाखू सोडली, खरोखर सोडली. पहिला आठवडा चिडचिड, झोप नाही, नंतर हळूहळू सुटलं. घरात पेढे वाटले. दिवसाला आठ-दहा पाउच पान मसाला मात्र चालूच होता. “यात तंबाखू नाही हो,” असं ते म्हणत आणि आम्हीही मान डोलवायचो. मग एका रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत पाणीपुरी त्यांच्या तोंडात जाईना. ओठांच्या कडा ताणल्या, पुरी दातांवर फुटली, पाणी सदऱ्यावर सांडलं. दंतवैद्यांनी तीन बोटं उभी घालायला सांगितली, दोनच गेली.

तोंडातलं मऊ अस्तर घट्ट, पांढरट होत जाण्याचा हा आजार मुख्यतः सुपारीमुळे होतो, त्याला तंबाखू लागत नाही. वैद्यकात त्याचं वर्णन १९५०च्या दशकातलं आहे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हा आंतरराष्ट्रीय निष्कर्ष २००४ मध्ये छापून आला, म्हणजे आपल्या बंदीच्या आठ वर्षं आधी. सुपारीतला अरेकोलिन हा घटक मेंदूला तरतरी देतो, म्हणून नुसत्या सुपारीचीही तलफ येते. गोड सुपारी मुलांच्या हाती देणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यायलाच हवं. सवय मोडली की आजार पुढे सरकणं थांबू शकतं. घट्ट झालेलं अस्तर सहसा पूर्ववत होत नाही.

मेहुण्यांना उपयोगी पडलं ते साधं होतं. चहानंतर, फोनवर बोलताना, दुकान उघडताना हात खिशात जातो, हे त्यांनी आठवडाभर वहीत लिहिलं. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढ्या वेळात ते उठून चूळ भरत आणि एक लवंग गालात ठेवत.

सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. २०१८ पासून तो तंबाखूच्या वेष्टनावर छापावा लागतो. पान मसाला खाद्यपदार्थ ठरल्यामुळे त्याच्या पुडीवर ही सक्ती नाही. मेहुण्यांना तो शेवटी छोट्या पुडीवर सापडला, टपरीच्या पायाशी कुणीतरी टाकलेल्या.