टी हिर की हॉल-हाउस? वेल्सच्या जुन्या शेतघरांचा एक गोंधळ

वेल्सच्या डोंगराळ भागातलं बुटकं, लांबट, दगडी शेतघर पाहिलं की बहुतेक जण त्याला ‘लाँगहाउस’ म्हणून मोकळे होतात. वेल्श भाषेत तेच ‘टी हिर’. शेजारच्या खोऱ्यातल्या, हुबेहूब तशाच दिसणाऱ्या घराला मात्र ‘हॉल-हाउस’ म्हटलेलं असतं. बाहेर उभं राहून यातला फरक कळत नाही, आणि त्यात पाहणाऱ्याचा दोषही नाही. ही दोन नावं मुळात एकाच प्रश्नाची दोन उत्तरं नाहीत. हॉल-हाउस हे नाव घराच्या उंचीबद्दल काही सांगतं, टी हिर हे नाव लांबीबद्दल.

आधी हॉल-हाउस. घराचा मुख्य भाग जमिनीपासून आढ्यापर्यंत सलग मोकळा. वर माळा नाही, मजला नाही. मधोमध उघडी चूल, आणि धुराड्याचा पत्ताच नाही. धूर छपरातून वाट काढत बाहेर जाई. म्हणून अशा घराचा सगळ्यात खात्रीचा पुरावा छपरात सापडतो. पुढे कुणी मजला घातला, धुराडं बांधलं, भिंतींना गिलावा केला, तरी माळ्यावर चढून पाहिलं की जुन्या वाशांवर पिढ्यान्‌पिढ्यांची काजळी तशीच असते. छपराचा भार पेलायला ‘क्रक’ वापरत. मुळातच वाकडं वाढलेलं ओकचं खोड उभं चिरायचं आणि ती दोन अर्धुकं जोडलेल्या तळहातांसारखी वर टेकवून उभी करायची. अशा जोड्यांच्या मधल्या प्रत्येक गाळ्याला ‘बे’ म्हणतात. भार लाकडी सांगाड्यावर असल्यामुळे भिंत कुडाची असली तरी भागे.

असं घर गरिबाचंच असेल असंही नाही. उत्तरेला बँगोरजवळचं कोख्विलन हे पंधराव्या शतकातलं हॉल-हाउस एका बड्या घराण्याचं. त्याच्या छपराचं कोरीव लाकूडकाम पाहिलं की गोठ्याची आठवण येण्याचं कारण नाही.

टी हिरमध्ये मात्र गोठ्यावाचून चालत नाही. एका छपराखाली एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं. दोन्हींच्या मधून घराच्या रुंदीभर आडवी जाणारी वाट, आणि त्या वाटेवरून दोन्हीकडे जाता येतं. घर उतारावर बांधायचं ते उताराच्या दिशेनंच. माणसं वरच्या अंगाला, गोठा खालच्या, म्हणजे शेण-मूत खाली वाहून जातं. बर्फाच्या दिवसांत बाहेर पाऊल न टाकता वैरण घालता येते. गुरं हीच मोठी मालमत्ता असलेल्या घरात ती नजरेआड न ठेवण्याला मोल होतं. पुढे धुराडं आलं तेव्हा त्याची पाठ बहुधा या वाटेकडे केली गेली, त्यामुळे दारातून आत शिरलं की एका हाताला चुलीमागची जाड भिंत आणि दुसऱ्या हाताला गोठा.

ही व्याख्या जरा कडक धरायला हवी. कित्येक घरांना गोठा नंतर, बाहेरून चिकटवलेला असतो. घराची आणि गोठ्याची भिंत जिथे मिळते तिथे दगड एकमेकांत गुंफलेले नसून सरळ उभा सांधा दिसत असेल, तर दोन्ही भाग एका वेळी बांधलेले नाहीत. आणि घरातून गोठ्यात जायला आतून वाट कधी नव्हतीच, तर मी त्याला टी हिर म्हणणार नाही. वेल्सच्या लोकजीवनाचे अभ्यासक योरवर्थ पीट यांनी 1940 च्या सुमारास टी हिरला मोठं महत्त्व मिळवून दिलं. पण त्यानंतर हे नाव इतकं सैल वापरलं गेलं की पुढच्या अभ्यासकांना व्याख्येवरूनच वाद घालावा लागला.

पीट ज्याचे पहिले प्रमुख होते, ते कार्डिफजवळचं सेंट फॅगन्सचं खुलं संग्रहालय 1948 साली सुरू झालं. देशभरातली जुनी घरं सुटी करून तिथे पुन्हा उभारली आहेत. त्यातली दोन घरं लागोपाठ पाहावीत. रॅडनरशायरमधून आणलेलं किलेवेन्ट टी हिर म्हणून दाखवतात. त्याच्या दगडी भिंती 1734 च्या पुनर्बांधणीतल्या, पण मूळ घर 1470 च्या आसपासचं, क्रकवर उभारलेलं, लाकडी. डेन्बिशायरमधलं हेन्द्रेर-अविध इखाव हे हॉल-हाउस. त्याच्या लाकडातली वर्षवलयं मोजून 1508 हे साल निघालं. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, बिनकाचेच्या खिडक्या, मधोमध उघडी चूल. आणि पाच गाळ्यांपैकी दोन जनावरांचे!

म्हणजे हे दुसरं घर उंचीनं पाहिलं तर हॉल-हाउस आणि लांबीनं पाहिलं तर टी हिरचं सख्खं भावंड. त्यात विसंगती काहीच नाही. कोख्विलन फक्त हॉल-हाउस, 1734 नंतरचं किलेवेन्ट टी हिर, आणि हेन्द्रेर-अविधला दोन्ही नावं शोभतात.

सोळाव्या शतकात वायव्येकडच्या एरिरीच्या डोंगरांत, म्हणजे स्नोडोनियात, आणखी एक घर रुजलं: सुरुवातीपासूनच दोन मजली, टोकाच्या भिंतीत धुराडं असलेलं. तेही दगडी आणि जुनं, म्हणून त्यालाही सर्रास लाँगहाउस म्हटलं जातं. पण त्याच्या वाशांवर उघड्या चुलीची काजळी नाही आणि आत गुरांची वाटही नाही, तेव्हा ही दोन्ही नावं त्याला लावू नयेत.